बाद

जेलरोडला, दसककडे वळायच्या जरा अलीकडे,
तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
इथे बसून मी कुणाकुणाच्या पॅकेजांच्या
चुका काढते.
मी म्हणजे मी नव्हे, माझी तपासणी:
दोनशे अकरा खोचक प्रश्न, एकामागे एक.
परवाना जोडलाय का.
मदतीचं पान आहे का.
फाईल जिथे असायला हवी तिथेच आहे का.

'तिथेच' म्हणजे कुठे
हे वितरणाचं धोरण ठरवतं
आणि धोरण झोपेत कूस बदलावी तसं बदलतं.
कुठल्याशा परिच्छेदात
'पाहिजे'चं 'चालेल' होतं,
पुढच्या आवृत्तीत 'चालेल'चं 'नको'.
मी चहा गार करत त्या एका शब्दामागे फिरते.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते.
आतलं घरी कधी बोलले नाहीत.
आम्हाला माहीत एवढंच
की बत्तीस वर्षं ताव उलटले
आणि खराब ते बाजूला काढले.
निवृत्तीनंतर एकदा, मेथी निवडता निवडता म्हणाले,
नवा नमुना आला ना,
की पहिले तीन दिवस हात चांगलेच ताव बाद करायचा.
डोळ्याला कळलेलं असायचं.
हाताला कळवायला कुणी जायचं नाही.
मग काडी टाकली, पानं ठेवली,
की उलट, आता आठवत नाही.

मालेगावच्या मेहजबीन मोमीननं
एक फाँट पॅकेज केला. नस्तालिक.
अक्षरं उतारावरून येतात तशी
एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून.
तिने नवं धोरण वाचलं होतं,
फाईल नव्या जागी ठेवली होती.
माझ्या तपासणीनं लाल अक्षरांत सांगितलं: चूक.

ती भांडली नाही.
भांडली असती तर मला गुरुवारीच कळलं असतं.
तिने फाईल उचलली, जुन्या जागी नेऊन ठेवली,
पुन्हा चालवून पाहिलं,
आणि माझी तपासणी गप्प झाली,
पोट भरल्यासारखी.
बदलांच्या नोंदीत तिची एकच ओळ:
तपासणीच्या सांगण्यावरून दुरुस्त केलं.

दुरुस्त.

मी तो प्रश्न उघडला. नऊ वर्षांपूर्वीचा, माझ्याच हातचा.
वर टिप्पणी: ही जागा बदलणार नाही.
कोण होती ही बाई, एवढी खात्री असलेली?
कुठे राहायची, तिचं लाईटबिल कोण भरायचं?

पुसून टाकणं सोपं होतं.
पण जुनं वितरण अजून चालू आहे
कुठल्या कुठल्या शाळेत, दवाखान्यात,
आणि तिथे जुनी जागाच खरी.
म्हणून आता आधी विचारायचं:
बाई, तू कोणत्या आवृत्तीचं धोरण मानतेस?
मगच काय ते बोलायचं.
शिवाय दोन पोकळ पॅकेजं करून ठेवली,
आत काहीच नाही,
एक बरोबर, एक मुद्दाम बिघडवलेलं.
दोघांना रोज रात्री तपासणीपुढे उभं करते.
बिघडलेलं पकडलं जातंय हे तर बघतेच,
पण बरोबर असलेलं सुटतंय का,
हे बघायला मी नऊ वर्षांत विसरले होते.

प्रत्येक प्रश्नापुढे आता परिच्छेद क्रमांक लिहितेय,
कुणाच्या सांगण्यावरून हा विचारलाय ते.
सतरा झाले.
एकशे चौऱ्याण्णव राहिलेत, आणि खालचा कुत्रा
काही कारण नसताना पोस्टमनवर भुंकावं तसा
रिकाम्या रस्त्यावर भुंकतोय.

मेहजबीनला लिहिलं,
तुमचं पहिलंच बरोबर होतं.
चूक माझ्याकडची.

सकाळी उत्तर आलं:
वाटलंच होतं मला.
पण लाल अक्षरं होती ना.